पंच न होणारं कार्ड

कामतघर, भिवंडी
१८ डिसेंबर २००५

निशा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही.

तू लग्न करून गेलीस त्या दिवशी मी आळीतल्या चार माणसांसमोर एकवीरा आईची शपथ घेऊन म्हटलं होतं, की या मुलीशी जन्मात एक शब्द बोलणार नाही. ते मी पाळतो आहे आणि पुढेही पाळणार. पण लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. चार माणसांपैकी कोणालाही विचार. पत्ता तुझ्या आईच्या पापडाच्या डब्यातून काढला. तू तिला दुपारी फोन करतेस हेही मला ठाऊक आहे, पण मला ठाऊक नाही असं तिला वाटतं, तर वाटू दे.

काम असं आहे. शेजारच्या लडकूच्या मुलाला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. हिशेबाचा नाही, गेम खेळायचा. मला वाटलं कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. पण मंडईजवळच्या दुकानदाराने सांगितलं, साध्यावर ते गेम चालत नाहीत, त्याला जोर लागतो. त्याच्याकडे तयार गेमिंग सेट आहे. पेटीला समोरून निळे दिवे आहेत, हळदीच्या डीजेसारखे. आत काय आहे विचारलं तर म्हणतो, "काका, आत सगळं चांगलंच असतं." मी शेडसाठी सेकंडचे लूम, म्हणजे वापरलेले माग, घेत आलो आयुष्यभर. आत सगळं चांगलंच असतं म्हणणाऱ्या माणसाकडून मी एक बॉबिनसुद्धा घेतलेलं नाही.

तू आणि तो, दोघं तिकडे चिंचवडला कॉम्प्युटर जोडून विकता असं कानावर आलं. तुमच्याकडून घ्यायचा नाही. फक्त विचारायचं आहे. स्वस्तातला पण टिकेल असा तयार सेट घ्यायचा तर दुकानदाराला कोणकोणत्या भागांची नावं घेऊन विचारायचं, कशात काटकसर चालते, कशात चालत नाही, एवढं लिही. स्क्रीन जरा मोठी हवी. मुलगा अगदी जवळ, मान एका बाजूला करून बसतो. गोळ्या झाडायचा गेम आहे, आणि तो त्यात पटाईत आहे.

प्रितम बरा आहे. त्याच्याविषयी वेगळं काही विचारू नकोस.

केसरीनाथ


कामतघर
२९ डिसेंबर २००५

निशा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोलिसातली चौकशी. कॉम्प्युटर कुठल्या खोलीत ठेवणार, शेड किती लांब, लाईट दिवसाची किती वेळ जाते, मुलगा दिवसाचा किती वेळ बसणार. आणि शेवटी एकच ओळ: "लडकूकाकांना मुलगा नाही, तिन्ही मुली आहेत."

लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही.

तुझ्या आईला प्रितमने गळ्याची शपथ घातली आहे की ताईला कळता कामा नये. आपल्या घरात आता जेवायला माणसं कमी आणि शपथा जास्त झाल्यात. मला त्याने काही घातलेली नाही, कारण तो माझ्याशी फारसा बोलतच नाही. तेव्हा मी सांगतो.

गणपतीच्या आधी शेडमध्ये लूममधून शटल उडालं, लोखंडी टोकाचा धोटा. कसं उडतं हे तुला सांगायला नको, भिंतीतले खड्डे तू लहानपणी मोजायचीस. या वेळी भिंत मध्ये नव्हती, प्रितम होता. डावा डोळा गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि उजवा वाचला यात आनंद माना म्हणाले. मी मानला. त्याला कसा मानता येणार? वीस वर्षांचा पोर.

पूर्णा गावच्या मृणालीशी त्याची मागणी झाली होती, ते आईने तुला सांगितलंच असेल. मुलगी त्याने स्वतः पसंत केलेली. दिवाळीनंतर तिच्या बापाने माणूस पाठवला. माणूस चहा प्यायला, हवापाण्याचं बोलला, आणि जाताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता मागणी मोडल्याचं सांगून गेला. मला राग त्या बापाचा नाही आला, चप्पल घालता घालता सांगितल्याचा आला.

तेव्हापासून तो खोलीत असतो. जेवायला बसला तर डावी बाजू भिंतीकडे करून बसतो. ग्लासात पाणी ओततो ते ग्लासाच्या बाहेर पडतं, अंतर कळत नाही त्याला. मग ग्लास तसाच ठेवून उठतो. मध्ये काही दिवस मंडईतल्या सायबरमध्ये जायचा. तिथे पोरं तोच गोळ्यांचा गेम खेळतात, आणि एका डोळ्याने याने सगळ्यांना पाणी पाजलं. त्या दिवसांत घरी येऊन भाकरी मागून खायचा. मग कोणी हरलेला त्याला काण्या म्हणाला. तेही सुटलं.

एकदा तुझ्या आईला म्हणाला, "आये, मी असलू काय न् नसलू काय, सारकाच हाय." त्या दिवशी मी घरातलं उंदराचं औषध नेऊन खाडीत फेकलं. साइझिंगची, म्हणजे सुताला खळ द्यायची पावडर, केमिकल, सगळं शेडमध्ये कुलपात ठेवलं. आई म्हणते उंदीर फार झालेत. होऊ देत.

म्हणून कॉम्प्युटर. घरात असेल तर कोणी काण्या म्हणणार नाही. खेळेल, जिंकेल, भाकरी मागेल. मला एवढंच हवं आहे. तू इकडे येऊ नकोस. तुला बघून त्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि मला त्याच्यावर काही अजमावून बघायचं नाही.

खोली मागची, शेडला लागून. लाईट दुपारची हमखास जाते.

केसरीनाथ


कामतघर
९ जानेवारी २००६

निशा,

तीर्थरूप नाही, साष्टांग नमस्कार नाही, एकदम प्रोसेसर. पत्र असं लिहितात? मला वाटलं प्रितमबद्दल काही लिहिशील. मग आईने सांगितलं की तू फोनवर नुसती रडत होतीस. तेव्हा म्हटलं जाऊ दे, प्रोसेसर तर प्रोसेसर.

पण लिहिलं आहेस चांगलं, ते मान्य करायला हवं. प्रोसेसर मधला घ्या, वरचा घेऊ नका. रॅममध्ये काटकसर नको. दुकानदार नेहमी एसएमपीएसमध्ये मारतो, म्हणजे आत वीज वाटणारी जी पेटी असते तिच्यात, कारण ती कोणी उघडून बघत नाही. हे मला लगेच पटलं. लूम चकचकीत रंगवून देतात आणि मोटर जळकी बसवतात, त्यातलाच प्रकार. पेटीच्या भोकांना बारीक जाळी लावून घ्या, नाहीतर शेडमध्ये उडणारं सुताचं तूस पंख्यात जाऊन बसेल, हे तू लिहिलंस तेव्हा वाटलं, पोरगी गेली तरी शेड विसरली नाही. यूपीएसशिवाय घेऊ नका. सगळं दुकानदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुमचा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, आहे एक.

एक गोष्ट मात्र मी माझ्या अकलेने केली. तू लिहिलं आहेस, ग्राफिक कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, कारण पडद्यावर चित्र या कार्डावरूनच उमटतं. आणि दुकानदाराकडे सगळ्यात महाग तेच. मला हसू आलं. आपल्या जॅकार्डच्या लूमवर आयुष्य काढलं मी. मास्टर चौकटीच्या कागदावर ग्राफ काढतो, त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो, कार्डांची माळ वर चढवली की खाली पडद्याच्या कापडावर फूल उमटतं. पडदा तिकडेही आहे, चित्र तिकडेही आहे. मग कार्ड बाजारातून कशाला घ्यायचं? मी दुकानदाराला सांगितलं, कार्ड काढून टाक, ते आमच्याकडे बनतं. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मग मदरबोर्डपण हलका टाकतो, आणखी स्वस्त पडेल." माणूस तितकासा वाईट नाही.

आपला अन्सारी मास्टर बकरीदला यूपीत गावी, मऊला गेला आहे. आला की त्याला सांगतो. प्रितमला अजून काही माहीत नाही. संक्रांतीनंतर सेट येईल. आई मला विचारते, तुमी एवरं हसतंव कनाला? मी हसत होतो हे मला कळलंच नव्हतं.

केसरीनाथ


कामतघर
१७ जानेवारी २००६

निशा,

आधी तुझं तोंड बंद ठेव आणि मग वाच. हसायचं ते एकदाच हस.

सेट काल सकाळी आला. दुकानाच्या माणसाने मागच्या खोलीत जोडला. प्रितम भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, हा तुझा. मी बाहेर येऊन बसलो आणि दार लोटलं नाही, फटीतून दिसेल असं ठेवलं. थोड्या वेळाने उठला. बटण दाबलं. निळे दिवे लागले. खिशातून एक सीडी काढली, म्हणजे सायबरवाल्याकडून आणलेली त्याने जपून ठेवली होती. ती टाकली.

गेम सुरू झाला, आणि माणसं अशी चालायला लागली जशी चिखलातून चालली आहेत. एक पाऊल, मग थांबली, मग भलतीकडेच उगवली. त्याने बंद केला, परत लावला. मग पेटीचं झाकण काढून आत पाहिलं. आणि महिन्यांनी मला त्याची हाक ऐकू आली.

"बाबा, यातला कार्ड कुनी काढला?"

मी म्हटलं, "मी. आरं, मास्टर येल ना गावाशी, तो पंच करून देल. भोका किती पाडाची ती तू सांग त्याला."

त्याने हातातलं झाकण बाजूला ठेवलं. मग विचारलं, "कंचा मास्टर?"

"अन्सारी. ग्राफ त्याच्याकडंच हाय आपला."

निशा, तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग पलंगावर आडवा होऊन. "बाबा, भोका पाडून गेम चालतंय?" एवढंच परत परत. तुझी आई चुलीवरचं टाकून धावत आली, तिला वाटलं तो रडतोय. तो रडतही होता, पण हसण्यातलंच. मीही हसलो. मला अजून काही कळलं नव्हतं तरी हसलो.

मग त्याने मला शेजारी बसवलं आणि समजावलं. ते कार्ड पुठ्ठ्याचं नसतं, ती एक पाटीच असते, तिच्यावर तिचा स्वतःचा मेंदू असतो, चित्र काढायचं सगळं काम तीच करते. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो बोलत होता. मान वळवून, सरळ माझ्याकडे तोंड करून. डोळा मी नीट पाहिला काल पहिल्यांदा. पापणी आत बसली आहे. बाकी चेहरा तोच आहे गं, अगदी तोच.

मी अडाणी ठरलो याचं मला काडीचं वाईट वाटलेलं नाही. रोज ठरवा म्हणावं.

उद्या दुकानात जाऊन कार्ड घेऊन येतो. महाग तर महाग.

केसरीनाथ


कामतघर
२७ जानेवारी २००६

चि. सौ. निशा,

जावई हरेशरावांनी तुला सांगितलं असेलच. पण ते स्वतःविषयी काही सांगणार नाहीत, एवढं मी आता त्यांना ओळखतो. म्हणून लिहितो.

मी कार्ड आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, बसणारच नाही. मी कार्ड नको म्हटलं म्हणून त्याने जो हलका बोर्ड टाकला होता त्याला कार्डाची खाचच नव्हती. बोर्ड बदलून दे म्हटलं. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाला. मी नको ते बोललो, तोही बोलला, बाजारातली माणसं मध्ये पडली. घरी येऊन मी प्रितमला सांगितलं. मला वाटलं पुन्हा हसेल.

तो म्हणाला, "माज्यासाठी आनला, तो पन आंधलाच निंगाला."

आणि दाराला आतून कडी घातली.

संध्याकाळी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला नाही. आधी निदान दार उघडं असायचं. दुपारी लाईट गेली, शेड थांबली. लूम चालू असले की काही ऐकू येत नाही, ते एक बरं असतं. त्या दुपारी सगळं गप्प झालं आणि खोलीतून काही म्हणजे काहीच आवाज नाही. मी हाका मारल्या. तुझ्या आईने देवासमोर डोकं टेकवून ठेवलं ते उचलेचना. खोलीत पंख्याचा हूक आहे, निशा. औषध मी फेकलं होतं, हूक माझ्या लक्षात आला नव्हता. मी दाराला खांदा लावला, तेव्हा आतून आवाज आला, "तोडू नको. मी हाय." बस एवढंच. पण किती वेळ असेल, हे मला त्याच्या आवाजावरून सांगता येईना.

तेव्हा मी तुमचा नंबर फिरवला. तू उचलशील म्हणून तयारी केली होती. शपथ मोडायची म्हणून नारळसुद्धा मनात बोलून टाकला होता. उचलला तुझ्या नवऱ्याने. आता त्याच्याशी बोलणार नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं, म्हणावं असं तो मला कधी कोणी वाटलाच नव्हता. मी म्हटलं, "मी केसरीनाथ." पुढे बोलता येईना. तो म्हणाला, "मामा, बोर्डाचं नाव सांगा." मी दुकानाच्या बिलावर लिहिलेलं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "येतंय मी. फोन ठेवा."

संध्याकाळपर्यंत दारात. पाठीवर सॅक, त्यात नवा बोर्ड आणि कार्ड. मी पाया पडू दिलं नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. तो दाराकडे गेला नाही. जादाच्या वायरी, स्क्रू, पेचकस सगळं दाराबाहेर जमिनीवर मांडलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "प्रितम, पेटी जरा बाहेर सरकव रं. आनि एक हात लागंल. माज्याच्यानं एकट्याला बसत न्हाय."

खोटं. त्याला डोळे बांधून बसवता येत असणार. पण कडी निघाली.

दोघं जमिनीवर बसले. जुना बोर्ड काढला, नवा ठेवला. मग हरेशरावांनी पेचकस प्रितमच्या हातात दिला. बारीक स्क्रू, बारीक भोक, आणि या पोराला ग्लास आणि पाणी यातलं अंतर कळत नाही. स्क्रू पडला. उचलला. परत पडला. पेचकस घसरून बोर्डावर गेला. तुझी आई पुढे झाली, "द्या, मी धरतंय." तर हरेशराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "मामी, चहा टाका ना." मी बघत होतो. प्रितमच्या कपाळावरून घाम. मग त्याने डाव्या हाताचं बोट भोकाशी ठेवलं, बोटावरून स्क्रू घसरत नेला, आणि तो लागला. दुसराही तसाच. हरेशराव एकदाही शाबास म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर त्याने पेचकस फेकून दिला असता, हे मला माहीत आहे, त्यांना कसं कळलं देव जाणे.

कार्ड त्यानेच बसवलं. लाईट आल्यावर गेम लावला, माणसं सरळ धावायला लागली. त्याने दोन मिनिटं खेळून बंद केला आणि विचारलं, "तुमच्या दुकानात असलीच कामा असतात?"

"असत्यात की. ढीग."

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर गेला. मी त्याला राहा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. बॅगेत चादर टाकायला तो विसरला होता, ती मी नेऊन दिली.

अन्सारी मास्टर परत आला आहे. आळीतल्या कोणीतरी त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो मला म्हणाला, "सेठ, मैं फूल-पत्ती निकालता हूँ, बंदूक-वंदूक नहीं." सगळी शेड हसली.

हरेशरावांना आशीर्वाद. तुलाही.

केसरीनाथ


कामतघर
१९ फेब्रुवारी २००६

चि. सौ. निशा,

प्रितम सकाळी तुमच्याबरोबर दुकानात जातो आणि बाहेर पडताना लावायचा तो काळा चष्माही त्याने सोडला, हे आईकडून कळलं. पाणी कसं ओततो ते तू सांगितलं नाहीस. सांग.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. आईने त्यावर पडद्याचं कापड टाकलं आहे. तिने काल पहिल्यांदा मला विचारलं, की पोरगं घरात राहावं म्हणून आणलात आणि त्याच्याच पायी ते गेलं, याला काय म्हणायचं? मी म्हटलं, याला कॉम्प्युटर म्हणतात. ती हसली नाही. घर फार मोठं वाटतं म्हणते. मला तर शेडही मोठी वाटते. जेवताना मी भिंतीकडची जागा सोडून बसतो, आणि मग दोघांनाही जेवण जात नाही.

मी रडगाणं गात नाही आहे. तू विचारशील कसे आहात, म्हणून आधीच लिहिलं. तू विचारत नाहीस ते वेगळं.

केसरीनाथ


कामतघर
६ एप्रिल २००६

चि. सौ. निशा,

काल संध्याकाळी प्रितमचा फोन आला होता. तुला न सांगता, बाहेरून. आज सकाळपासून तो तुमच्याशी बोलत नसेल, आणि का, ते तुम्हाला कळत नसेल. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे.

तो म्हणाला, "बाबा, मना हितं जमत न्हाय. माज्या हातान एका गिऱ्हाइकाचा बोर्ड जलला. भावोजी काय बोलला न्हाय, पन मना कलतंय. मना घरा यायचाय. मी शेडवर बसन, हिशेब बघन."

निशा, तो घरी येतो म्हणाला. या एका वाक्यासाठी मी चार महिने काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. तुझी आई शेजारी उभी होती, तिने ऐकलं आणि तिने हात जोडले माझ्यापुढे.

आता तुला सांगतो ते त्याला सांगू नकोस. आज ना उद्या कोणीतरी सांगेलच, पण तोवर त्याचा पाय तिथे रोवू दे. मृणालीचं लग्न ठरलं आहे. नवरा आपल्याच आळीतला, भावेश. प्रितमचा लहानपणापासूनचा दोस्त, आपल्या ओट्यावर जेवून मोठा झालेला. भावेश स्वतः येऊन मला सांगून गेला, चप्पल बाहेर काढून, आत बसून. रडला बिचारा. त्याचाही दोष नाही, दोन्ही घरच्यांनी जुळवलं. येत्या रविवारी हळद. मांडव आपल्या दारापर्यंत येतो, डीजे तर आपल्या भिंतीलाच लावणार. त्यानंतर ती मुलगी रोज सकाळी आपल्या समोरच्या नळावर पाणी भरायला येणार. रोज. आणि हा मागच्या खोलीत.

मला दार आणि कडी आणि हूक दिसला.

कारण सांगितलं असतं तर तो उद्याच आला असता. तू त्याला ओळखतेस, माझाच मुलगा आहे. येऊन मांडवात उभा राहिला असता, सगळ्यांशी हसला असता, आणि मग घरात गेला असता. म्हणून मी कारण सांगितलं नाही. मी म्हटलं, "हितं जागा न्हाय तुना. मागची खोली मी कामगारांना दिली. एक बोर्ड जलला त पलून येतंस? येव नको." तो म्हणाला, "बरा." आणि फोन ठेवला.

तुझी आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. मागच्या खोलीत जाऊन बसली आहे. खोली कोणाला दिलेली नाही.

हळदीला मी जाणार. न जाऊन चालणार नाही, आळीतला मोठा मी. जेवणार, नवऱ्याला हळद लावणार, आणि कोणी प्रितमचं विचारलं तर पुण्याला नोकरीला आहे म्हणून सांगणार. ते खरंच आहे.

जळलेल्या बोर्डाचं हरेशरावांनी मनावर घेऊ नये, आणि पुढचं काम त्याच्याच हातात द्यावं, त्याच दिवशी. तुला हे सांगायला नको. बोलेना झाला तर बोलू नका, पण जेवायला मध्ये बसवा, कडेला नको.

तो माझ्याबद्दल वाईट बोलेल. बोलू दे. माझी बाजू घ्यायला जाऊ नकोस, आणि बाबा मनाने तसे नाहीत वगैरे काही सांगू नकोस, नाहीतर तो दुसऱ्या गाडीने इकडे निघेल. त्याला सांग, आपला बाप असाच आहे, दगड. तुला ते सांगायला काही जड जाणार नाही.

केसरीनाथ